अप्पांवर नजर ठेवताना

माझे वडील ऐंशी ओलांडल्यावर गावभर पायी भटकायला लागले, आणि ते थांबवण्याचं काम घरात सर्वानुमते माझ्यावर सोपवण्यात आलं. सर्वानुमते म्हणजे अक्काच्या मते. अक्का ही माझी थोरली बहीण. हुबळीला दुर्गदबैलच्या बाजारात तिच्या सासरचं कापडाचं दुकान आहे, आणि गिऱ्हाइकाला नको असलेली साडीच त्याला मुळात हवी होती, हे पटवून देण्यात तिची अर्धी हयात गेली आहे. तिनं फोनवर "श्री, तू येतोयस," एवढंच म्हटलं. मी पुण्यात माझ्या कचेरीत बसलो होतो. फोन ठेवला आणि बघतो तर मी रजेचा अर्ज लिहायला घेतलेला.

अक्काची तक्रार अशी होती. अप्पा धारवाडला मालमड्डीत एकटेच राहतात. कोर्टात शिरस्तेदार होते, निवृत्त होऊन एक जमाना झाला. आई गेल्यापासून स्वयंपाकाला एक बाई येते, बाकी सगळं ते स्वतः बघतात. अलीकडे सकाळचा चहा झाला की खांद्याला कापडी पिशवी अडकवून ते निघतात, चढ चढतात, उतार उतरतात, जुन्या पुस्तकांच्या एका दुकानात जाऊन बसतात आणि जेवायच्या वेळेला परततात. मोबाइल घरी. त्याबद्दल विचारलं तर म्हणतात, तो घरचा फोन आहे, घरीच राहतो. त्यातच शेजारच्या काकूंना ते एकदा रस्त्याकडेच्या मोरीवर बसलेले दिसले. काकूंनी लगेच अक्काला कळवलं. अक्कानं अप्पांना जाब विचारला, तेव्हा त्यांनी सांगितलं की मोरीचा कठडा बसायलाच बांधलेला असतो. या उत्तरानं अक्काचा धीर सुटला. त्यांना पुण्याला घेऊन जा, असा हुकूम मला झाला.

मी शुक्रवारी संध्याकाळी पोचलो. जेवताना विषय काढायचा, हळूहळू काढायचा, आधी पुण्याच्या हवेपासून सुरुवात करायची, असं सगळं मी गाडीत घोकून ठेवलं होतं. मी पुण्याची हवा म्हटलं मात्र, अप्पा ताटातून मान वर न करता म्हणाले, "अक्कानं पाठवलंय ना तुला?"

मी हो म्हटलं. मग ते म्हणाले, "उद्या माझ्याबरोबर चाल. दिवसभर बघ मला. संध्याकाळी तुझं मत पडलं की हा म्हातारा आता एकटा सोडण्यासारखा राहिला नाही, तर मी येतो पुण्याला. वाद घालणार नाही."

कोर्टातला माणूस शब्द देतो तेव्हा तो पाळतो. त्यामुळे त्या रात्री मला झोप लागली ती जिंकलेल्या माणसाची. मी मुद्दाम नवे बूट आणले होते. (चालण्यासाठी खास बनवलेले, असं खोक्यावर लिहिलं होतं. कोणाच्या चालण्यासाठी, ते लिहिलं नव्हतं.)

धारवाड ज्यांनी पायी पाहिलं नाही त्यांना एक गोष्ट सांगायला हवी. या गावात सपाट रस्ता म्हणजे दोन चढांमधली विश्रांती. मी तिथंच जन्मलो, वाढलो, बावीस वर्षांचा होईपर्यंत तेच चढ सायकलनं चढलो, पण ते पाय वेगळे होते. मालमड्डीहून सरळ गेलं तर बाजार काही लांब नाही. अप्पा सरळ जात नाहीत. त्यांना आधी सप्तापूरच्या बाजूला जाऊन एक आंब्याचं झाड बघायचं असतं, मग टिकारे रोडला एका बंद घराचा पत्रा अजून जागेवर आहे ना याची खात्री करायची असते.

ते साध्या चपला घालून पुढे चालत होते आणि मी खास बुटांत मागे. पहिल्या चढावर मी त्यांना सांभाळून चालायला सांगितलं. दुसऱ्या चढावर मी काही बोललो नाही, कारण बोलायला श्वास लागतो. तिसऱ्या चढाच्या मध्यावर अप्पा थांबले आणि समोरच्या इमारतीकडे बोट दाखवून म्हणाले, इथं पूर्वी अमुक वकिलांचं कौलारू घर होतं, आता बघ, स्पर्धा परीक्षेचा क्लास. मी कठड्याला धरून उभा राहिलो आणि फार रस घेऊन ऐकलं. पुढे ते दर थोड्या अंतरावर असेच थांबत गेले. एकदा तर एका साध्या विजेच्या खांबापाशी थांबले आणि त्याच्याबद्दल सांगण्यासारखं काही आठवेना म्हणून नुसतेच उभे राहिले. तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं, की हे थांबे माझ्यासाठी आहेत.

आपली इभ्रत राखायला मी मोबाइलचा विषय काढला. फोन जवळ बाळगणं किती सोपं असतं, तुम्हाला त्याचं वजनसुद्धा कळणार नाही, असं म्हणत मी माझाच फोन काढून त्यांच्या पिशवीत टाकला. अप्पांनी नाही म्हटलं नाही. पुढे जे घडलं त्यातला हा पहिला निर्णय तरी पूर्णपणे माझा होता.

पुस्तकांचं दुकान सुभाष रोडच्या मागच्या एका गल्लीत आहे. रुंदीला दोन माणसं, लांबीला मात्र संपता संपत नाही. मालकाचं नाव बसण्णा. कन्नड माणूस, साठीचा, मराठी गिऱ्हाइकांशी मराठीत बोलतो आणि हिशोब कन्नडमध्ये करतो. धारवाडात आता गल्लोगल्ली परीक्षांचे क्लास झालेत, म्हणून खालचं सगळं दुकान गाइडांनी भरलेलं. पोलीस भरती, तलाठी भरती, बँक, रेल्वे. या गाइडांच्या थप्प्या छातीपर्यंत आलेल्या. मराठी पुस्तकं वरच्या लाकडी माळ्यावर, कारण ती मागणारे कमी. माळ्यावर जायला एक सुटी शिडी.

मी वर बघितल्याबरोबर अप्पा म्हणाले, "वर जाऊ नकोस. शिडी हलते. धूळही आहे."

ऐंशी ओलांडलेल्या वडिलांनी आपल्या बावन्न वर्षांच्या मुलाला शिडी चढू नको म्हणावं, हे मला लागलं. आदल्या दिवशी जिंकलेला डाव मी सकाळपासून चढाचढावर हरत आलो होतो. मी बसण्णाला सांगितलं की समोर चहा घेऊन येतो, आणि दारापर्यंत गेलोही. तेवढ्यात अप्पांनी बसण्णाशी त्याच्या मुलीच्या लग्नाचा विषय काढला, दोघांची पाठ माझ्याकडे झाली, आणि मी चहाचा बेत सोडून शिडीवर पाय ठेवला. शिडी खरंच हलत होती. पण मी चढलो, आणि कोणाला कळलं नाही याचा मला फार आनंद झाला. तो आनंद थोडा वेळ टिकला.

माळ्यावर एका बारीक झरोक्यातून उजेड येत होता. मी समोरच्या ढिगातलं वरचं पुस्तक उचललं आणि पहिलं पान उघडलं. कोपऱ्यात निळ्या शाईत अप्पांची सही. कोर्टातल्यासारखी, खाली एक रेघ मारलेली. दुसरं उचललं, त्यावरही सही. तिसऱ्यावरही. प्रवासाची पुस्तकं, झाडांवरची, इतिहासाची, माझ्या लहानपणी मी ज्याच्यावर दूध सांडलं होतं तो जाड शब्दकोश. भिंतीलगतचा अख्खा ढीग आमच्या घरचा होता. घरातलं पुस्तकांचं कपाट लाकडी दारांचं आहे. ते मी किती वर्षांत उघडलं नव्हतं, हे मला तिथं बसल्यावर कळलं.

ढिगाच्या तळाशी आईचं पाककृतींचं पुस्तक निघालं. तिला त्या लेखिकेची मतं मान्य नसायची. पानापानावर पेन्सिलनं तिनं आपला निवाडा देऊन ठेवला होता. "मीठ फार." "हे असं होत नाही." एका ठिकाणी नुसतंच "बाईंनी स्वतः करून बघावं."

मी एका पोत्यावर बसलो. अप्पा घर विकायला तर नाही ना निघालेत? त्यांना काही झालंय का? काही अडचण असेल तर मला का नाही सांगितली? असे एकेक विचार येऊ लागले, आणि वडिलांच्या काळजीनं व्याकूळ झालेला मी भिंतीला डोकं टेकून गाढ झोपलो.

खाली काय झालं ते मला नंतर समजलं. बसण्णा दुपारी जेवायला दुकान बंद करून घरी जातो. त्यानं दिवे घालवले, शिडी उचलून भिंतीशी आडवी ठेवली आणि शटर ओढलं. माझं काय म्हणून अप्पांनी विचारलं तेव्हा म्हणाला, ते चहाला गेलेत. अप्पांनी समोरच्या टपरीवर बघितलं, मी नव्हतो. माझी सकाळची अवस्था त्यांनी पाहिली होती, त्यामुळे मी मुकाट्यानं रिक्षा करून घरी गेलो असणार असा त्यांनी निष्कर्ष काढला आणि ते चालत घरी गेले. घरी अक्का हुबळीहून जेवण घेऊन आलेली. तिनं विचारलं, श्री कुठंय? मी घरी आलो नाही हे कळताच तिनं माझा नंबर लावला, आणि तो अप्पांच्या पिशवीत वाजला.

अक्काला लागलीच घाम फुटला. तिनं शेजारच्या काकूंना बोलावलं, काकूंनी त्यांच्या जावयाला फोन केला, जावई स्कूटर काढून मला शोधायला निघाला. अप्पा मात्र पाणी प्यायले, दोन मिनिटं विचार केला आणि म्हणाले, तो कुठल्याही चढावर सापडणार नाही. म्हणजे खालीच आहे. आणि पुन्हा चपला घालून निघाले.

इकडे मला जाग आली तेव्हा झरोक्याचा उजेड तेवढा होता, खाली मिट्ट काळोख. शिडी नाही. हाका मारल्या, कोणी नाही. शेवटी माळ्याच्या कडेला लोंबकळून मी पायानं चाचपत खालच्या एका थप्पीवर उतरलो. ती पोलीस भरतीची थप्पी होती. तिनं माझं वजन क्षणभर पेललं आणि मग आपल्या शेजारच्या सगळ्या भरत्यांना बरोबर घेऊन ती कोसळली. मला लागलं नाही, कारण मी बँकेच्या परीक्षेवर पडलो, पण आवाज असा झाला की गल्लीतली कुत्री भुंकायला लागली.

मी धडपडत शटरपाशी गेलो आणि त्यावर हात आपटले. बाहेरून कोणीतरी कन्नडमध्ये विचारलं, आत कोण आहे? माझं कन्नड एकेकाळी चांगलं होतं. पण तीस वर्षं न वापरलेली भाषा घाईत हवी तशी सापडत नाही. आपल्याबद्दल गैरसमज होऊ नये, एवढंच मला सुचलं, आणि मी ओरडलो, "नानु कळ्ळ अल्ल!" कळ्ळ म्हणजे चोर, अल्ल म्हणजे नव्हे. मी चोर नव्हे. व्याकरण अचूक होतं. पण वाक्याचा शेवट शटरनं गिळला आणि बाहेर पोचलं ते "मी चोर."

बाहेर गर्दी जमली. गल्लीच्या तोंडाशीच एक क्लास आहे, तिथली दुपारची तुकडी नुकती सुटली होती. त्यातले निम्मे पोलीस भरतीची तयारी करणारे. इतकी वर्षं चोर पकडायचा अभ्यास करणाऱ्यांना आयता एक चोर, तोही कबुली देणारा, कुलपाच्या आत मिळाला होता. त्यांचा उत्साह मला आतून ऐकू येत होता. एकानं सगळ्यांना शटरपासून लांब उभं राहायला सांगितलं, कारण माझ्याकडे हत्यार असू शकतं. माझ्याकडे आईचं पाककृतींचं पुस्तक होतं. ते मी खाली उतरताना का आणलं, मला सांगता येणार नाही.

मग बाहेरचा गलका एकदम खाली बसला. अप्पांचा आवाज मी ओळखला. कोर्टात ज्या स्वरात ते सगळ्यांना शांत बसायला सांगत असतील त्याच स्वरात त्यांनी कन्नडमध्ये सांगितलं, की आत चोर नाही, माझा मुलगा आहे. कोणीतरी विचारलं, मुलगा म्हणजे किती वर्षांचा? अप्पांनी माझं वय सांगितलं.

चहाच्या टपरीवाल्यानं बसण्णाला फोन लावला. तो जेवत होता, जेवून येतो म्हणाला. भरतीवाली मुलं निराश होऊन पांगली. अप्पा दुकानाच्या पायरीवर बसले, मी आतून शटरला टेकून बसलो. दोघांच्या मध्ये पत्रा.

अप्पांना डाव्या कानानं ऐकू येत नाही. उजवा कान त्यांनी शटरला लावला असावा, तरी मला ओरडूनच बोलावं लागत होतं. आयुष्यात पहिल्यांदाच मला वडिलांना काहीतरी नाजूक विचारायचं होतं आणि ते अख्ख्या गल्लीला ऐकू जाणार होतं.

"अप्पा," मी ओरडलो, "तुम्ही पुस्तकं का विकताय?"

मग ते म्हणाले, "चढलास म्हणजे तू माळ्यावर. नको सांगितलं होतं." आणि जरा थांबून, "विकत नाही. बसण्णाला नुसती देतो."

"पण का?"

"मी गेल्यावर तुम्ही दोघांनी काय केलं असतं त्यांचं?"

मी काय केलं असतं ते मला माहीत होतं. पुण्याच्या आमच्या फ्लॅटमध्ये चपलांचं कपाटसुद्धा दाराबाहेर आहे.

"रद्दीवाल्याला किलोवर घातली असतीत," अप्पा म्हणाले. त्यात राग नव्हता. "चूक म्हणत नाही मी. घरं लहान आहेत तुमची. पण इथं ठेवली की कसं, एखादा माणूस येतो, हातात घेतो, उभ्या उभ्या चार पानं वाचतो, आवडलं तर नेतो. एकेक करून जातात. मी एका वेळी दोन आणतो. जास्त आणली तर खांदा दुखतो. आणि आलो की बसण्णाला विचारतो, मागची कुठली गेली."

"जातात का पण?"

"मागं ते झाडांवरचं होतं ना, रंगीत चित्रांचं? नर्सिंगच्या एका मुलीनं नेलं. बेळगावकडची होती म्हणे. तिनं दोनदा येऊन बघितलं आणि तिसऱ्यांदा नेलं." त्यांचा आवाज एवढा खूष मी आई असतानाच ऐकला होता. "तुझी आई म्हणायची, हे सगळं तुम्ही कुठं नेणार आहात? म्हटलं, बघू. तर असं नेतोय."

मी आत अंधारात बसून होतो, म्हणून बरं झालं. माझा चेहरा कोणाला दिसायला नको होता.

बसण्णा आला तो हात धुतलेल्या ओल्या बोटांनीच. शटर वर गेलं आणि मी धुळीनं माखलेला, केसांत कोळिष्टक, हातात पुस्तक, असा उजेडात आलो. त्यानं माझ्यामागे पसरलेल्या भरत्या बघितल्या आणि कन्नडमध्ये स्वतःशीच काहीतरी म्हणाला. त्याचा अर्थ मला तेव्हाही कळला, पण तो इथं देत नाही. मी गुडघ्यांवर बसून सगळी गाइडं पुन्हा रचली. तलाठी बँकेत गेले असतील, पण रचली.

हातातलं आईचं पुस्तक मी अप्पांना दाखवलं आणि म्हटलं, हे मी पुण्याला नेतो.

"करून बघणार आहेस त्यातलं?"

खोटं बोलण्याची ती जागा नव्हती. मी नाही म्हटलं.

"मग ठेव," अप्पा म्हणाले. "जिला करायचंय ती नेईल."

मी ठेवलं. (पुढच्याच आठवड्यात अक्का स्वतः येऊन ते घेऊन गेली. बसण्णा तिला फुकट देत होता. तिनं ते मानलं नाही. आधी किंमत सांगायला लावली आणि मग घासाघीस केली.)

घरी अक्का दारातच उभी होती. मला बघून तिनं आधी देवाला नमस्कार केला आणि मग मला जे बोलायचं ते बोलली. जेवण झाल्यावर अप्पा म्हणाले, आता सांग तुझं मत. येऊ का पुण्याला? मी अक्काकडे बघितलं, अक्कानं दुसरीकडे बघितलं. मी म्हटलं, तुम्ही इथंच राहा. जिंकल्यावर माणूस उदार होतो, तसं अप्पांनी आपण होऊन कबूल केलं, की उतार चालत जाईन, येताना मोठ्या चढाला रिक्षा करीन. हा शब्द ते पाळतात. दर रविवारी मी फोन करतो तेव्हा प्रकृतीबद्दल मी विचारण्याआधीच ते सांगतात, या आठवड्यात दोन गेली, किंवा एकही गेलं नाही, पावसानं कोणी येत नाही. एकदा म्हणाले की शब्दकोश गेला, आणि दूध सांडलेलं पान बघून घेणाऱ्यानं विचारलं, हे काय. बसण्णानं सांगितलं, पुस्तकाच्या मूळ मालकाचा मुलगा लहान होता तेव्हा त्यानं दूध सांडलं. अप्पांना ते फार आवडलं होतं.

राहता राहिला माझा परतीचा प्रवास. सकाळच्या गाडीनं मी निघणार होतो. अक्का स्टेशनवर सोडायला आली, मला जागेवर बसवलं, बॅग वर ठेवली, आणि शेजारच्या सीटवरच्या एका वयस्कर बाईंशी कन्नडमध्ये बराच वेळ हलक्या आवाजात बोलत राहिली. त्या बाईंनी अधूनमधून माझ्याकडे बघून सहानुभूतीनं मान हलवली. गाडी सुटली. मिरजेला मी पाणी घ्यायला उठलो तर त्यांनी माझ्या शर्टाची बाही धरून मला खाली बसवलं आणि स्वतः पाणी आणून दिलं. साताऱ्याला त्यांनी मला त्यांच्या डब्यातली पोळी खायला लावली आणि मी ती संपवतो की नाही, बघत राहिल्या. पुण्याला गाडी थांबल्यावर माझ्या आधी उठून त्यांनी माझी बॅग काढली, मला हाताला धरून खाली उतरवलं आणि मला न्यायला आलेल्या माझ्या मुलाच्या हवाली केलं. आणि त्यानं, मेल्यानं, मला ताब्यात दिल्याबद्दल त्यांचे आभार मानले.